ईआर डायग्रामचं टूल निवडताना: आधी डेटाबेस तपासा, टूल सगळ्यात शेवटी

काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या कर्जखात्यांचा डेटाबेस माझ्या हाती आला. मायएसक्यूएल, ८४ टेबलं. ईआर डायग्राम (टेबलं आणि त्यांच्यातली नाती दाखवणारं चित्र) काढणाऱ्या टूलला जोडला, रिव्हर्स इंजिनिअरिंगचं, म्हणजे डेटाबेसावरून चित्र काढायचं बटण दाबलं आणि पडद्यावर ८४ चौकोन आले. त्यांना जोडणारी रेघ मात्र एकही नाही. टूल बरोबर नसेल म्हणून दुसरं घेतलं, मग तिसरं. दोन दिवस असेच गेले. शेवटी कळलं की सगळी टेबलं मायआयसॅम या साठवणुकीच्या इंजिनवर होती, आणि मायआयसॅम फॉरेन की (एका टेबलातली ओळ दुसऱ्यातल्या ओळीशी बांधणारा नियम) वाचतं पण पाळत नाही, साठवतही नाही. जी रेघ डेटाबेसात नव्हतीच ती कोणतं टूल काढणार?

हीच चूक मी अजून बघतो. लोक आधी टूल शोधतात, मग डेटाबेस उघडतात, आणि चित्र कोणाला हवंय हे सगळ्यात शेवटी विचारतात. क्रम उलटा करा. खालचे टप्पे लिहिलेत त्याच क्रमाने घ्या. पहिले दोन वगळून तिसऱ्यावर उडी मारली तर बहुधा परत यावं लागेल.

टप्पा १: काम कोणतं आहे ते ठरवा

‘डायग्राम हवा’ या एका वाक्याखाली तीन वेगळी कामं लपलेली असतात.

पहिलं: डेटाबेस चालू आहे, त्याचं चित्र हवंय. इथे खरं काय ते डेटाबेस सांगतो, चित्र त्याची सावली. दुसरं: डेटाबेस अजून नाही, चित्रावर विचार करून त्यातूनच टेबलं तयार करायची आहेत. इथे मॉडेलची फाइल खरी. तिसरं: फक्त समजावून सांगायचंय, मीटिंगमध्ये, अहवालात किंवा कॉलेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये. इथे टूल डेटाबेसला जोडायची गरजच नाही.

विद्यार्थ्यांसाठी इथेच एक थांबा. गाइडना कोणती पद्धत हवी आहे ते आधी विचारून घ्या. पुस्तकात बहुतेक वेळा चेन पद्धत असते: एंटिटी चौकोनात, गुणधर्म लंबगोलात, नातं शंकरपाळ्याच्या आकारात. मायएसक्यूएल वर्कबेंच, डीबीव्हर, पीजीअॅडमिन यातलं कोणीही तसं चित्र आपोआप काढून देत नाही. ती टेबलांचे चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा काढतात, बहुतेकदा कावळ्याच्या पायाच्या चिन्हांसह (रेघेच्या टोकाला तीन फाटे म्हणजे ‘अनेक’). चेन पद्धतच हवी असेल तर ड्रॉ डॉट आयओ उघडा आणि हाताने काढा. आदल्या रात्री हे कळलं तर फार धावपळ होते.

तपासा: एका कागदावर हे वाक्य पूर्ण करा: ‘हे चित्र अमुक बघणार, आणि डेटाबेस बदलला की तमुक ते बदलणार.’ ‘तमुक’च्या जागी खऱ्या माणसाचं नाव येत नसेल, तर हाताने काढायचं टूल घेऊच नका. आपोआप पुन्हा तयार होणारं चित्र घ्या.

टप्पा २: डेटाबेसची तयारी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. टूल उघडण्याआधी दोन आकडे हातात हवेत: टेबलं किती, आणि फॉरेन की किती. मायएसक्यूएलमध्ये इन्फर्मेशन स्कीमातल्या (डेटाबेस स्वतःबद्दलची माहिती जिथे देतो त्या) ‘रेफरेन्शियल कन्स्ट्रेंट्स’ या यादीवर आपल्या स्कीमापुरती मोजणी करा. पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी कन्स्ट्रेंट’ या कॅटलॉगमधून फॉरेन की प्रकारच्या ओळी मोजा. हे आकडे वहीत लिहून ठेवा, पुढे प्रत्येक टूलची पारख यांच्यावरच करायची आहे.

टेबलं ऐंशी आणि फॉरेन की तीन-चार असा प्रकार निघाला, तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. मला वारंवार दिसलेली कारणं ही:

मायआयसॅमचं वर सांगितलंच. इनोडीबी हे मायएसक्यूएलचं डीफॉल्ट इंजिन ५.५ पासून झालं, त्यामुळे त्याआधी सुरू झालेल्या आणि नुसते अपग्रेड होत आलेल्या डेटाबेसात जुनी टेबलं तशीच राहिलेली असतात.

दुसरं कारण जास्त फसवं आहे. टेबल तयार करताना कॉलमच्या ओळीतच ‘रेफरन्सेस’ लिहिलं, वेगळी फॉरेन की ओळ लिहिली नाही, तर ९.० च्या आधीचं मायएसक्यूएल ते मुकाट स्वीकारायचं आणि सोडून द्यायचं. एररही येत नसे. स्क्रिप्टमध्ये नातं स्पष्ट दिसतं, डेटाबेसात मात्र ते नसतं. म्हणून स्क्रिप्ट वाचून खात्री करू नका. तयार झालेल्या टेबलाची व्याख्या डेटाबेसकडूनच मागून वाचा.

तिसरं, नाती अॅप्लिकेशनच्या कोडमध्ये असणं. मॉडेलच्या क्लासमध्ये ‘याचे अनेक हप्ते’ असं लिहिलेलं असतं, डेटाबेसाला त्याचा पत्ता नसतो.

चौथं कारण परवानग्या. डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाकडून तुम्ही फक्त वाचायच्या हक्काचं खातं मागून घेता, आणि ते योग्यच आहे. पण मायएसक्यूएलमध्ये ज्या टेबलांवर तुमचा काहीच हक्क नाही ती यादीत येतच नाहीत, त्यामुळे टेबलं गायब आहेत हे कळतसुद्धा नाही. पोस्टग्रेसमध्ये त्याहून विचित्र गोष्ट होते: इन्फर्मेशन स्कीमातल्या कन्स्ट्रेंटच्या याद्या फक्त मालकाला, किंवा सिलेक्टपेक्षा जास्त हक्क असलेल्यालाच दिसतात. तिथून माहिती घेणाऱ्या टूलला टेबलं सगळी दिसतात, रेघ एकही दिसत नाही. मूळ कॅटलॉगमधून वाचणाऱ्या टूलला ही अडचण येत नाही. म्हणूनच पोस्टग्रेससाठी मोजणी कॅटलॉगवर करा असं वर म्हटलं.

सावधान: चित्रात रेघा याव्यात म्हणून चालू डेटाबेसात फॉरेन की घालायला जाऊ नका. जुन्या डेटात अनाथ ओळी असतातच: हप्ता आहे पण कर्ज नाही, खातं आहे पण सभासद नाही. फॉरेन की लागणार नाही, किंवा लागलीच तर उद्या सकाळी काउंटरवरची एखादी नोंद अडेल. ते काम स्वतंत्रपणे, आधी अनाथ ओळी शोधून करायचं असतं.

नाती डेटाबेसात नसतील तर दोन रस्ते उरतात. डीबीव्हरमध्ये आभासी फॉरेन की नोंदवता येते. ती टूलपुरतीच राहते, डेटाबेसाला धक्का लागत नाही. दुसरा रस्ता स्कीमास्पायचा: कॉलमचं नाव आणि प्रकार दुसऱ्या टेबलाच्या प्रायमरी कीशी (प्रत्येक ओळ ओळखणाऱ्या कॉलमशी) जुळला की ते अंदाजाने नातं सुचवतं, आणि अंदाजाच्या रेघा वेगळ्या दाखवतं. पण प्रत्येक टेबलाची प्रायमरी की नुसती ‘आयडी’ असेल तर हा अंदाज फारसा चालत नाही. आणि जे अंदाज निघतील त्यातला प्रत्येक, ते सॉफ्टवेअर रोज वापरणाऱ्या माणसाला विचारून पक्का करा.

शेवटी डंप, म्हणजे डेटाबेसाची फाइलमध्ये काढलेली प्रत. ऑनलाइन टूलमध्ये टाकायला रचना काढताना मायएसक्यूएलच्या डंप कमांडला ‘नो डेटा’ आणि पोस्टग्रेसच्या डंपला ‘स्कीमा ओन्ली’ हा पर्याय द्यायचा. हे विसरलात तर फाइलमध्ये सगळ्या ओळी येतात: सभासदांची नावं, मोबाइल, आधार क्रमांक.

तपासा: डंप फाइल साध्या एडिटरमध्ये उघडा आणि ‘इन्सर्ट’ शोधा, पोस्टग्रेसचा असेल तर ‘कॉपी’ही शोधा. डेटाची एकही ओळ सापडली तर ती फाइल कुठेही पाठवू नका.

टप्पा ३: यादी दोन-तीन टूलांवर आणा

आता टूलांची नावं. दहा टूलं उतरवून बघण्यात अर्थ नाही; टप्पा १ आणि २ नीट केले असतील तर यादी आपोआप आखडते.

चालू डेटाबेसाचं चित्र हवं असेल तर डीबीव्हरची मोफत आवृत्ती पहिली घ्या. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, एसक्यूलाइट सगळ्यांना जोडते, आणि एकच टेबल उघडलं तरी त्याच्या शेजाऱ्यांसकट छोटं चित्र दाखवते. रोजच्या कामात या छोट्या चित्राचा उपयोग पूर्ण डायग्रामपेक्षा जास्त होतो. टेबलं शंभराच्या वर असतील, किंवा चित्र दर आठवड्याला आपोआप तयार व्हायला हवं असेल, तर स्कीमास्पाय. ते कमांडवर चालतं, जावा लागतं, आणि चित्रांसकट वेबपानांचा एक फोल्डर बनवून देतं. दिसायला साधं आहे, पण कधी शिळं होत नाही.

चित्रातून डेटाबेस तयार करायचा असेल तर तुमचा डेटाबेस कोणता त्यावर सगळं ठरतं. मायएसक्यूएल असेल तर वर्कबेंच. ओरॅकल असेल तर एसक्यूएल डेव्हलपर डेटा मॉडेलर. तेही मोफत आहे आणि लॉजिकल व रिलेशनल मॉडेल वेगळं ठेवतं. पोस्टग्रेससाठी पीजीअॅडमिन ४ मध्ये २०२१ पासून ईआरडी टूल आहे. ते नवीन टेबलांची स्क्रिप्ट छान देतं, मात्र जुन्या डेटाबेसात काय बदललं त्याचा फरक काढून देण्याचं काम त्याचं नाही. त्यासाठी पीजीअॅडमिनमध्येच स्कीमा डिफ वेगळं आहे. वर्कबेंच पोस्टग्रेसला चालेल का, असं दर महिन्याला कोणीतरी विचारतं. त्याची मॉडेलिंगची बाजू मायएसक्यूएलसाठीच आहे.

टीम गिट (फाइलींतले बदल नोंदवून ठेवणारं टूल) वापरत असेल तर मजकुरातून चित्र तयार करणारी टूलं बघाच. डीबीडायग्राम डॉट आयओवर डीबीएमएल नावाच्या साध्या भाषेत टेबलं लिहायची. नात्याच्या ओळीत ‘>’ म्हणजे अनेकांकडून एकाकडे, ‘<’ म्हणजे एकाकडून अनेकांकडे, ‘-’ म्हणजे एकास एक. मर्मेडही असंच, आणि गिटहब ते २०२२ पासून थेट चित्ररूपात दाखवतं. पण मर्मेडमध्ये चौकोन हव्या त्या जागी हलवता येत नाही. पंधरा-वीस टेबलांपलीकडे त्याचा गुंता होतो, हा माझा अनुभव.

इरविन, ईआर स्टुडिओ, पॉवरडिझायनर ही विकतची टूलं बँका आणि मोठ्या कंपन्यांत चालतात, कारण तिथे शेकडो लोक एकच मॉडेल वापरतात. पाच जणांच्या टीमला त्यांची गरज नाही.

टप्पा ४: साकिलावर परीक्षा घ्या

टूलची पारख स्वतःच्या डेटाबेसावर आधी करू नका. बरोबर उत्तर ठाऊक असेल तरच परीक्षा घेता येते. त्यासाठी मायएसक्यूएलबरोबर मिळणारा साकिला हा नमुना डेटाबेस उत्तम आहे: डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या दुकानाचा, अगदी आटोपशीर. त्यात १६ टेबलं, ७ व्ह्यू (टेबलासारख्या दिसणाऱ्या साठवलेल्या क्वेरी) आणि २२ फॉरेन की आहेत. मोठा नाही, पण टूलं जिथे चुकतात त्या जवळजवळ सगळ्या जागा त्यात आहेत.

टूलमध्ये उघडा आणि ओळीने बघा.

आधी चौकोन मोजा. २३ आले तर टूल व्ह्यूसुद्धा टेबल म्हणून काढतंय. ते बंद करायची सोय आहे का ते शोधा.

‘फिल्म’कडून ‘लँग्वेज’कडे दोन रेघा गेल्या पाहिजेत, एक चित्रपटाच्या भाषेची, दुसरी मूळ भाषेची. काही टूलं दोन्ही एकावर एक काढतात आणि एकच दिसते. शिवाय मूळ भाषेचा कॉलम रिकामा चालतो, भाषेचा चालत नाही. म्हणजे ‘लँग्वेज’च्या टोकाला एका रेघेवर पर्यायाचा गोल हवा आणि दुसरीवर नको. दोन्ही टोकं सारखी दिसली तर ते टूल नल चालतं की नाही हे चित्रात धरत नाही, असं समजा.

मग ‘स्टोअर’ आणि ‘स्टाफ’. प्रत्येक कर्मचारी एका दुकानात, आणि प्रत्येक दुकानाला एक व्यवस्थापक, तोही कर्मचारीच. दोन्ही टेबलं एकमेकांकडे बोट दाखवतात. व्यवस्थापकाच्या कॉलमवर युनिक बंधन आहे, म्हणून ते नातं एकास एक आहे. इथे बरीच टूलं घसरतात: युनिक इंडेक्स न बघता सरसकट ‘अनेक’चा कावळ्याचा पाय काढतात. जे टूल इथे एकास एक दाखवेल त्याच्या बाकीच्या रेघांवर मी जास्त विश्वास ठेवतो.

‘फिल्म अॅक्टर’ची प्रायमरी की दोन कॉलमांची आहे आणि ते दोन्ही कॉलम फॉरेन कीसुद्धा आहेत. चौकोनात दोन्हीवर कीचं चिन्ह दिसायला हवं.

शेवटी ‘फिल्म टेक्स्ट’. हे टेबल एकटंच, रेघ नसलेलं दिसलं पाहिजे; त्याच्यात ट्रिगरने (डेटाबेसात आपोआप चालणाऱ्या कोडने) माहिती भरली जाते, फॉरेन की नाही. टूलने त्याला ‘फिल्म’शी रेघेने जोडलं तर ते अंदाजाच्या रेघा खऱ्या रेघांसारख्याच काढतंय.

साकिलात स्वतःकडेच वळणारं नातं नाही. ते बघायला चिनूक नावाचा नमुना डेटाबेस घ्या. त्यात कर्मचाऱ्याचा साहेब त्याच टेबलात असतो. रेघ चौकोनातून निघून त्याच चौकोनात परत आली पाहिजे.

सावधान: पोस्टग्रेससाठी पागिला ही साकिलाची आवृत्ती आहे. तिच्यात ‘पेमेंट’ टेबल पार्टिशन केलेलं आहे, त्यामुळे १६ आणि २२ हे आकडे तिथे लावू नका. पार्टिशनचे तुकडे टूल वेगवेगळे चौकोन म्हणून काढतं का, हे मात्र तिथे जरूर बघा.

टप्पा ५: आता आपल्या डेटाबेसावर

टप्पा २ मध्ये लिहून ठेवलेले दोन आकडे काढा आणि चित्राशी ताडून बघा. फरक असेल तर आधी परवानग्या, मग फिल्टर तपासा.

मराठीची परीक्षा इथेच घ्यायची. बऱ्याच ठिकाणी टेबलांची नावं रोमनमध्ये असली तरी कॉमेंट मराठीत लिहिलेल्या असतात, आणि तशा असाव्यातही. एका कॉमेंटमध्ये ‘निधी, कर्जहप्ता, व्याजदर, क्षेत्रफळ’ असं लिहा आणि चित्र पीडीएफ व पीएनजी दोन्हींत काढा. पडद्यावर ठीक दिसणारं अक्षर फाइलमध्ये फुटतं: ‘निधी’ची पहिली वेलांटी ‘न’च्या पुढे जाऊन बसते, रफार सुटतो, ‘क्ष’चे तुकडे होतात. नुसते रिकामे चौकोन आले तर फॉन्ट नाही; नोटो सॅन्स देवनागरी बसवून टूलच्या सेटिंगमध्ये त्याचं नाव द्या. स्कीमास्पाय आणि मजकुरातून चित्र काढणारं प्लँटयूएमएल चित्रासाठी बहुतेक वेळा ग्राफविझ वापरतात, त्यामुळे सर्व्हरवर चालवत असाल तर फॉन्ट त्या सर्व्हरवर हवा, तुमच्या लॅपटॉपवर असून उपयोग नाही.

मग छापून बघा, ए३ कागदावर. हाताच्या अंतरावरून कॉलमची नावं वाचता येत नसतील तर चित्र फोडा. सभासद आणि खाती एका पानावर, कर्ज आणि हप्ते दुसऱ्यावर, हिशेबाची टेबलं तिसऱ्यावर. पानाला दहा-पंधरा टेबलं पुरेत. एकच टेबल दोन पानांवर ठेवता येतं का, हे टूलला विचारायचा प्रश्न आहे, कारण ‘सभासद’ प्रत्येक पानावर लागणारच. बॅकअपची आणि तात्पुरती टेबलं चित्रातून वगळा, पण ती कोणती ते पानाच्या कोपऱ्यात लिहा. नाहीतर पुढच्या माणसाला ती राहून गेली असं वाटतं.

टप्पा ६: टूल डेटाबेसात काय लिहितं ते पाहून घ्या

चित्र पुसलं तर चित्रच पुसलं जाईल, असं गृहीत धरू नका. एसक्यूएल सर्व्हरच्या मॅनेजमेंट स्टुडिओतले डेटाबेस डायग्राम थेट डेटाबेसाला जोडलेले असतात. चौकोनावर राइट क्लिक केलं की दोन पर्याय जवळजवळ येतात: एक टेबल फक्त डायग्राममधून काढतो, दुसरा डेटाबेसातूनच पुसतो. डायग्राम सेव्ह केला की केलेले बदल खऱ्या टेबलांवर होतात. तिथे नेहमी वाचण्यापुरत्या खात्याने किंवा टेस्ट कॉपीवर काम करा.

वर्कबेंचमध्ये फॉरवर्ड इंजिनिअरिंग, म्हणजे मॉडेलवरून टेबलं तयार करताना ‘तयार करण्याआधी ड्रॉप करा’ अशी खूण असते. ती केली तर टेबल डेटासकट जाऊन रिकामं नवीन येतं. सिंक्रोनाइझ करतानाही, मॉडेलमध्ये नसलेलं पण डेटाबेसात असलेलं टेबल स्क्रिप्टमध्ये ड्रॉप म्हणून येऊ शकतं.

तपासा: टूलने तयार केलेली स्क्रिप्ट थेट चालवू नका. फाइलमध्ये काढा, ‘ड्रॉप’ शोधा, प्रत्येक ठिकाणी का ते समजून घ्या, आणि मगच टेस्ट कॉपीवर चालवा.

टप्पा ७: फाइल कुठे राहणार

टूल पक्कं करण्याआधी एकदा त्यातून बाहेर पडून बघा. मॉडेल एसक्यूएलमध्ये काढता येतं का? नुसतं पीएनजी देणाऱ्या ऑनलाइन टूलमध्ये तीन महिन्यांचं काम अडकलं की सगळं पुन्हा काढावं लागतं. मोफत खात्यावर किती डायग्राम चालतात आणि ते कोणाकोणाला दिसतात, हे त्यांच्या पानावर वाचून घ्या. डेटाबेसाचा पासवर्ड कोणत्याही वेबसाइटला देऊ नका. चार्टडीबीसारखी टूलं एक क्वेरी देतात, ती आपल्याकडे चालवायची आणि आलेला निकाल तिकडे चिकटवायचा. तो निकालसुद्धा चिकटवण्याआधी नजरेखालून घाला.

वर्कबेंचची फाइल आतून झिप असते, म्हणून गिटमध्ये ती ठेवली तरी काल काय बदललं ते ओळीओळीने दिसत नाही. तिच्यासोबत दर वेळी एसक्यूएलची फाइलही काढून ठेवा. डीबीएमएल आणि मर्मेड मुळात मजकूरच असल्यामुळे तिथे ही अडचण नाही.

प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात चित्र कोणत्या तारखेचं, कोणत्या सर्व्हरवरचं आणि त्या दिवशी टेबलं किती, फॉरेन की किती, हे चार तपशील लिहा. पतसंस्थेच्या त्या डेटाबेसाचं चित्र मी शेवटी डीबीव्हरमध्ये आभासी की नोंदवून काढलं, त्यांच्या वसुली विभागातल्या बाईंशेजारी तीन दुपारी बसून. प्रत्येक रेघेपाशी मी विचारायचो, ‘ताई, हप्ता भरला की ही नोंद कुठे जाते?’ आणि त्या सांगायच्या. त्या पानांच्या कोपऱ्यात फॉरेन कीच्या आकड्याच्या जागी मी ‘शून्य’ लिहिलं, आणि त्याखाली, ‘रेघा तोंडी माहितीवरून’.